हेमराजचं एन्झाइम

३ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत, कारण विषय सायन्सचा आहे.

हेमराज, माझ्या बहिणीचा, तुळसाचा नवरा, सिहोऱ्याहून शहापूरला आमच्याकडे राहायला आला, इथून नागपूर जवळ. तुळसा शेती पाहायला तिकडेच. मेंदूतल्या ट्यूमरचं ऑपरेशन झालं, आता नागपूरला केमो चालू. माझी पोरगी रुचिका तिथेच लॅबमध्ये आहे. फोनवर म्हणाली, त्याचं औषध पोटात जातं तेव्हा झोपलेलं असतं, लिव्हरमधलं एन्झाइम त्याला उठवतं. ते एन्झाइम वाढवता आलं तर औषध जोरात काम करेल. लॅब तेच शोधते आहे. सध्या काचेच्या बशीतल्या पेशींवर.

बशीत! इथे अख्खा माणूस घरी बसला आहे.

४ जून
संकल्प : हेमराजचं एन्झाइम मी वाढवणार. जन्मभर नववीला सायन्स शिकवलं ते काय उगाच? रुचिकाला सांगणार नाही. पुढे बक्षिसावरून बापलेकीत भांडण नको.

६ जून
काढा तयार. कारलं, गुळवेल, भुईनिंब, आणि डोमा गुराख्यानं नाकाडोंगरीच्या जंगलातून आणलेली एक साल. सालीचं नाव त्याला माहीत नाही, मलाही नाही. यालाच संशोधन म्हणतात. सुशीला म्हणे, डॉक्टरले विचारलं काय? बायकोला सायन्समधलं काय कळतं.

७ जून
हेमराज म्हणे, जावई एकटा कसा पिईल, पहिले घरच्या माणसानं प्यावं. बरोबर आहे. जावयाचं मन मोडायची आपल्या घरात रीत नाही. एक पेला प्यालो. मग त्यानं आपल्या पेल्यातला अर्धा मलाच दिला, आग्रह हाय म्हणे. तोही प्यालो. उरलेला तो अंगणात जास्वंदीपाशी उभा राहून पितो. मोकळी हवा लागते.

१५ जून
जास्वंद वाळली. ऊन फार.
हेमराज आता पूर्ण पेला मलाच देतो. जावयाच्या हातचं नाही म्हणाल तर तुळसाले सांगीन म्हणे. किती जीव लावून राहिला हा माणूस मले! डोळे भरून आले.

२२ जून
मले मळमळ. आंबा बाधला. हेमराज मात्र भाकरी मागून खाते. एन्झाइम! (शुद्ध मराठी उद्यापासून.)

२८ जून
परवा केमोच्या आधीची रक्ततपासणी. रक्त बिघडलं तर केमो पुढे ढकलू, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तुळसा फोनवर रडत होती, बरे होतीन ना भाऊ? म्हटलं, माझ्यावर सोड. फोन ठेवला आणि न जेवता अंथरुणावर जाऊन पडलो. अशक्तपणा. अशक्तपणा कायचा, भेव वाटते मले. हेमराज नसला तर दिवाळीत भांडू कोणाशी?

३० जून
तपासणी झाली. मीही रक्त दिलं. प्रयोगाला तुलना लागते.

१ जुलै
यश! एन्झाइम वाढलं! रिपोर्टात ठळक अक्षरात, नॉर्मलच्या कितीतरी पट. माझं. हेमराजचं जिथल्या तिथं. हरकत नाही, काढा काम करते हे तर सिद्ध झालं! पेढे आणले. सुशीलानं पेढा घेतला नाही, माझ्या तोंडाकडेच पाहून राहिली. म्हणे, तुमचे डोळे पिवळे काहून दिसते? ट्यूबलाइट जुनी झाली.

४ जुलै, नागपूर, हॉस्पिटल
ॲडमिट. मी.
डॉक्टर म्हणाले, रिपोर्टातलं हे एन्झाइम औषध उठवणारं नव्हेच. लिव्हर दुखावलं की हे रक्तात गळतं. काढा पेशंटनं घेतला असता तर केमो थांबवावी लागली असती. रुचिका आली, माझा रिपोर्ट दोनदा वाचून उशाशी ठेवून गेली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

हेमराजनं एक घोट घेतला नव्हता. डॉक्टरांनी बाहेरचं काही घ्यायचं नाही सांगितलं होतं. नाही म्हटलं असतं तर तुमचं मन मोडलं असतं, म्हणे. आणि घरच्या काढ्यानं मास्तरले काय होते, असं वाटलं त्याले. मग तोच पोरासारखा रडला.

९ जुलै
हेमराजची केमो वेळेवर झाली. स्कॅनमध्ये उरलेली गाठ वाढलेली नाही. उद्या सिहोऱ्याला जाणार, बांधावर बसून धानाची रोवणी पाहायची परवानगी मिळाली. माझा मुक्काम इथेच.

निघायच्या आधी माझ्यासाठी दुधी भोपळ्याचं पाणी घेऊन आला. तेल नाही, तिखट नाही. मी तोंड फिरवलं. म्हणे, जावयाचा आग्रह हाय, भाऊ.

प्यालो.