गळ्यावरचा हात

गुरुवार, ७ ऑक्टोबर २००४, नाशिक

आईचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो. गळ्यावर ठेवलेला तिचा हात मला फार आवडायचा. काय ती ऐट! तेराव्यासाठी फोटो मोठा करायला दिला, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "हात काढतो, मागचा दागिना पुरा करतो. उठून दिसेल." मी हो म्हणालो. का म्हणालो?

आज निफाडची आत्या हार घातलेल्या फोटोकडे बघतच राहिली. "टाक कशाला दाखवलास रे? तुझ्या बापाची पयली बायको मेली, तिच्या नावानं मूर्त उठवलेला हाय तो. तिनं दुसरीला तरास देऊ नये म्हणून तुझ्या आईच्या गळ्यात घातला आम्ही. फोटोवाला लय ओरडला, हात खाली घे. नाय घेतला तिनं."

सोळा वर्षांची होती. आणि मला ऐट वाटली.

भिंतीवर टाक चमकतोय. तिचा हात शेवटी मीच खाली घेतला.