तुम्ही दारात येऊन उभे राहायचात

गुरुजी, तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात तुम्ही माइक हातात धरून अख्ख्या गावासमोर म्हणालात, "ह्या मॅडम आल्या तवा ह्यांना वर्ग धरता येत न्हवता. ह्यांना आपण तयार केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडून हसले, कारण त्या दिवशी हार तुमच्या गळ्यात होता आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला सोळा वर्षं झाली. तुम्हाला जाऊनही आता बारा होतील. तेव्हा जे गिळलं ते आज लिहून काढते. तुम्ही मला तयार केलेलं नाही. बिलकुल नाही.

घनसावंगीच्या पुढं जीपनं अर्धा तास गेलं की आपली शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी जालन्याची, कचेरीत नोकरी करणाऱ्या वडिलांची मुलगी, डी.एड.ला पहिल्या वर्गात पास झालेली. रात्रीचा दिवस करून तक्ते रंगवून आणायचे. आणि तरी तिसरीकडे तोंड केलं की चौथी उधळायची, चौथीला गप्प केलं की तिसरीतलं कुणीतरी रडत यायचं. आवाज वाढला की बाहेर तुमच्या चपला वाजायच्या. तुम्ही दारात येऊन उभे राहायचात. हात मागे बांधलेले, तोंडातून एक शब्द नाही. चाळीस पोरं क्षणात गार. मग माझ्याकडे न बघता तुम्ही परत जायचात आणि पाच मिनिटांत सगळं पुन्हा सुरू, उलट थोडं जास्तच. पोरांनी बरोबर ओळखलं होतं की खरे मास्तर शेजारच्या खोलीत बसतात आणि ही बाई नुसती मधला वेळ भरून काढायला ठेवली आहे. दिवसातून तीनदा, कधी चारदा. तुम्हाला वाटायचं, आपण मदत करतोय. मला मात्र प्रत्येक वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

माझ्या टाचणवहीत तुम्ही लाल शाईनं लिहायचात, ‘वर्गनियंत्रण आवश्यक’. ते कसं करायचं, हे कधी लिहिलं नाहीत. एकदा धीर करून विचारलं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "रस्त्यानं जाणाऱ्याला वर्ग ऐकू यायला लागला की समजायचं, मास्तर कमी पडून राह्यला." मी कमी पडतेय हे मला माहीत नव्हतं का? त्या दुपारी मी खिचडीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून रडले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी पातेल्यातली नजर न काढता विचारलं, "गुरुजी बोलले का?" म्हटलं, नाही. "मंग पोरं बोलले?" नाही हो. "मंग कशाला रडून राह्यल्या? खाऊन घ्या जल्दी, घंटा व्हईल." खिचडी तिखटजाळ होती. डोळ्यांतलं पाणी त्या तिखटावर ढकलता आलं, एवढाच फायदा.

मग जानेवारीतला तो दिवस येतो. तुम्ही मतदार याद्यांच्या कामाला तालुक्याला गेला आहात आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात आहेत. पहिली-दुसरीला व्हरांड्यात चित्रं काढायला बसवलंय आणि आत मी हातच्याची वजाबाकी घेतेय. आवाज चढतो. मी खडू धरून थांबते आणि दाराकडे बघते. पोरंही दाराकडे बघतात. आम्ही सगळेच तुमची वाट बघतोय. शेवटी चौथीतली एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणते, "मॅडम, गुरुजी न्हाईत आज. तालुक्याला गेलेत." म्हणजे, बाई, आज तुम्हाला सोडवायला कुणी येणार नाही.

काही सुचेना म्हणून मी नुसती उभी राहिले, आणि पहिल्यांदा त्या गोंगाटात काय आहे ते ऐकलं. तिसरीतल्या दोन मुली भांडत होत्या. बावन्नातून सत्तावीस. एक म्हणत होती, "दोनातून सात जातच न्हाईत." दुसरी तिच्या पाटीवर बोट आपटत होती, "अगं मंग एक मोळी सोड की. दहा निघत्यात. दोन तुझे हायेत, झाले ना बारा?" या दुसऱ्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला जायचे. ती आता आजीकडे राहून शाळा करत होती, पण आधीचे दोन हंगाम तिनं अंकुशनगरकडच्या उसाच्या फडात मोळ्या बांधण्यात काढले होते. मी सहा महिने दशक-दशक करून घसा बसवला होता. तिनं दोन वाक्यांत काम केलं. पहिल्या मुलीनं पाटीवर पंचवीस लिहिले. मी जाऊन त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि म्हटलं, पुन्हा सांग, सगळ्यांना सांग. वर्ग काही शांत झाला नाही. पण कोणता आवाज गणिताचा आणि कोणता मस्तीचा, हे मला वेगळं ऐकू यायला लागलं. गुरुजी, इतके दिवस मी त्या पोरांचं ऐकलंच नव्हतं. मी तुमच्या चपला ऐकत होते.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी पहिलं काम काय केलं असेल, तर वर्गाचं दार लावून घेतलं. तुम्ही विचारलंत, "दार का लावलं मॅडम?" मी म्हटलं, वारं येतं. पान हलत नव्हतं त्या दिवशी, पण तुम्ही वाद घातला नाहीत. दाराआड मी काही लगेच सुधारले नाही. किती पाठ फसले. एकदा हात उगारला, त्याची लाज अजून जात नाही. पण फसले ते माझी मी, आणि पोरांच्या देखत निस्तरलं तेही माझं मी. तिसऱ्या वर्षी कुठं चौथीची पोरं तिसरीला शिकवायला लागली आणि मी दोघांच्या मध्ये बसायला लागले. रस्त्यानं जाणाऱ्याला आमचा वर्ग चांगला ऐकू जायचा. जाऊ दे की. शाळाच होती ती. तुम्ही माइकवर बोललात तेव्हा एवढंच म्हणाला असतात, की "ह्या मॅडमनी दार लावलं आणि मी ते लावू दिलं," तर मी मनापासून टाळी वाजवली असती.

आता मी भोकरदनकडे आहे. मुख्याध्यापकाचा कारभार माझ्याकडे आहे आणि शेजारच्या खोलीत नवे सर आलेत. सर कसले, माझ्या भाच्याएवढा पोरगा आहे. त्याचा वर्ग छप्पर उचलतो. शाळा समितीचे अध्यक्ष दोनदा येऊन गेले. "मॅडम, तुम्ही नुसतं दारात उभं राहा ना. बराबर होतंय समदं." मी सांगितलं, मी जाणार नाही. ते म्हणाले, "पोरांचं नुकसान होऊन राह्यलं." म्हटलं, वर्षाच्या शेवटी तुमच्या पोराला वाचता आलं नाही तर मला येऊन धरा, त्याला नाही. अध्यक्ष तोंड पाडून गेले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. तुम्हाला हरवल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवा तो पोरगा मधल्या सुट्टीत रजेचा अर्ज घेऊन आला. तलाठी भरतीची परीक्षा आहे म्हणाला. डोळे सुजलेले होते. मी विचारलं नाही. "मॅडम, मला वाटतं हे काम माझं न्हाईच," असं तो अर्जाकडे बघत म्हणाला, आणि तरी मी विचारलं नाही. त्याला सांगता आलं असतं की सर, मीही रडलेय, पहिलं वर्ष सगळ्यांचं असंच जातं, तुमच्या वर्गात परवा ती कोपऱ्यातली पोरं वाचून दाखवत होती, मी भिंतीतून ऐकलंय, छान वाचत होती. यातलं एक अक्षर माझ्या तोंडातून फुटलं नाही. दारात न जाण्यात मी एवढा मोठेपणा मानून बसले होते, की खुर्चीतून उठून त्याच्याशी बोलायचं राहूनच गेलं. मी सही केली आणि म्हटलं, पेपर चांगला जाऊ द्या.

खरं सांगू? तो नापास व्हावा असं मला वाटतंय, गुरुजी. त्यानं परत यावं आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खोलीत उभं राहावं. हे त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही काही आता कुणाला सांगायला जाणार नाही.