हिरव्या लुगड्यातले रडणे

मी, लहानू तुकाराम पराते, वय अठ्ठावन्न, पूर्वी मिलमध्ये विणकर, आता घरीच, राहणार सक्करदरा तलावाजवळ, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत रुई बसली आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके साफ आहे. माझी पत्नी सिंधू गेल्या वर्षी वारली, म्हणून हे आता लिहिता येते.

कलम १. दोन खोल्यांचे कवेलूच्या छपराचे घर व त्यातील भांडीकुंडी माझा मुलगा मुकुंद याला मिळावी. तो इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला आहे. मिलचा पितळी बिल्ला कोणीही जपून ठेवू नये. बत्तीस वर्षे लूमसमोर उभा राहिलो. त्यातला एक दिवस वेगळा काढून सांग म्हटले तर सांगता येणार नाही.

कलम २. खुंटीवरचा आरसा माझा चुलतभाऊ गोविंदा याला द्यावा. तरुणपणी मी खडी गंमतीत, म्हणजे डफ-ढोलकीवर उभ्याने होणाऱ्या खेळात, बाईचे सोंग घेत असे. गोविंदाने साऱ्या नातेवाइकांत म्हटले होते, "हा बायकोचं लुगडं नेसून नाचते, याच्या घरचं पाणी पेऊ नोका." त्याने या आरशात एकदा स्वतःला नीट पाहावे. बाकी त्याचा कशावरही हक्क नाही.

कलम ३. ट्रंकेत तळाशी सिंधूचे हिरवे लुगडे आहे. ते शेजारच्या अंजनाबाईंना द्यावे आणि त्यांनी फाडून गोधडीत घालावे. तसेच्या तसे कोणी नेसू नये. कारण लिहितो.

मुकुंदाच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. सन १९६१ च्या पावसाळ्यात ती गोवराने गेली. मीच तिला उचलून नेले, मीच माती दिली. घरी आलो, हातपाय धुतले आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो. मला रडू आले नाही. सिंधू माझ्याकडे पाहत राहायची.

पुढे तान्ह्या पोळ्याच्या दुपारी उमरेडकडच्या एका गावात आमचा खेळ होता. मूल हरवलेल्या आईचे काम माझ्याकडे होते. नेहमीसारखे घरून सिंधूचे लुगडे नेले होते. त्या दिवशी तीही आली होती, बायकांत पुढेच बसली होती. लाकडी बैल घेऊन पोरेसोरे समोर बसलेली. मी बाळाची रिकामी झोळी हातात धरली आणि एकदम फुटलो. शब्द विसरलो. आमच्या साथीदार रुपरावची ढोलकी थांबली. सगळे गाव माझ्याबरोबर रडले. खोटे लिहीत नाही: त्या घटकेला मला तळपायाची माती कळत होती, उन्हाचा वास कळत होता. इतका जिवंत मी आधी कधी नव्हतो.

परत येताना बैलगाडीत सिंधूने एवढेच विचारले, "घरी काहून नाही रडले तुम्ही?"

मी लुगड्याची घडी घालत राहिलो. तिने पुन्हा कधी विचारले नाही, खेळाला आली नाही, ते लुगडे अंगाला लावले नाही. आम्ही मोहल्ला बदलला. मुलीचे नाव घरात कोणी घेतले नाही. मी मात्र आणखी सात हिवाळे सोंग घेत राहिलो, तशी दुपार पुन्हा यावी म्हणून. ती आली नाही. हा माझा गुन्हा आहे आणि तो कोणाच्या वाट्याला देता येत नाही.

कलम ४. सिंधूची लाकडी फणी माझ्याबरोबर जाळावी. शेवटच्या दोन वर्षांत तिची उजवी बाजू लकव्याने गेली होती. सोंगासाठी मी केस वाढवत असे, त्यामुळे वेणी घालायला माझा हात बसलेला होता. रोज सकाळी मीच तिचे केस विंचरायचो. पहिले कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून बसे. मग एके दिवशी वाकड्या ओठांनी म्हणाली, "ती असती तर तिचीबी वेणी तुम्हीच घातली असती."

बावीस वर्षांनी ती हे बोलली. मी तिच्या पाठीवर डोके टेकवले आणि रडलो. स्टोव्हवर चहा उतू गेला, तो उतरवायला कोणी उठले नाही. समोर कोणी पाहणारे नव्हते. ती सकाळ उन्हाळ्यातली होती आणि अकरा दिवसांनी सिंधू गेली.

कलम ५. माझ्यामागे तेरवीचे जेवण घालू नये.

वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर मुकुंदाला वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाशी त्याने मला थांबवले.

"बाबा, मले बहीण होती?"

"होती गा."

"मंग मले कोणी सांगितलं नाही काहून?"

रुपराव दाराबाहेर पाहू लागला. मुकुंदाने तिचे नाव विचारले. ते उच्चारायला मला दोनदा दम घ्यावा लागला. त्याने माझ्या हातातून पेन घेतले आणि खालची ओळ त्याच्या अक्षरात लिहिली. ती मला मान्य आहे.

जिजा लहानू पराते. वय तीन वर्षे.

सही: लहानू तुकाराम पराते

समक्ष साक्षीदार:
१. रुपराव निमजे, ढोलकीवाले
२. महादेवराव हेडाऊ, शेजारी

ठिकाण: नागपूर
दिनांक: ९ डिसेंबर १९८४