चादरीचा पीळ

प्रिय ताई,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

आठवतं, गच्चीवर आपण ओली चादर दोन टोकांना धरून पिळायचो? पीळ वाढला की चादर आखूड व्हायची आणि मी तुझ्याकडे ओढली जायचे. "पाय रोव की गं, भित्रट!" तू ओरडायचीस.

त्याच पिळावर मी कंपनीत यंत्राच्या हाताचं कोपर बनवलं. नायलॉनचा पिळलेला दोरा तापला की आखडतो, निवला की सैल पडतो, अगदी स्नायूसारखा. अशाच दोऱ्यांची बाही शिवून तुझा लुळा पडलेला उजवा हात उचलायचं मी ठरवलं होतं.

काल त्या कोपराने चहाने भरलेला कप उचलला, थेंबही सांडला नाही. माझ्या लेकाच्या वयाचे साहेब घड्याळ बघून म्हणाले, "मावशी, गोदामातली खोकी उचलायला हे फारच संथ आहे." आणि त्यांनी ते काम बंद केलं. हात काय खोकी फेकायलाच असतात?

माझी नोकरी शाबूत आहे, काळजी नको. आता खोक्यांसाठी वेगवान मोटारी बसवते. तू डाव्या हाताने नीट जेवतेस ना? भाऊजी चिडत नाहीत ना?

तुझी,
धाकटी

ता.क. पार्सलमधला स्वेटर भाऊजींचा, शाल दादाकडच्या वहिनीची. दोऱ्याचं रीळ तुझं. त्याने आता हात उचलला जायचा नाही; भाऊजींना सांग, तुझ्या वेणीला बांधून द्यायला.