आईंच्या वाट्याची सागोती

मुलुंड, २३ नोव्हेंबर २०२५

ती. वनमालाताईंना ऋताचा सा. न.

घाटकोपरची आपली जुनी इमारत पाडून बांधताहेत, त्या नव्या इमारतीचा ताबा आता मार्चमध्ये मिळेल, असं बिल्डरच्या इंजिनिअरने काल यांना सांगितलं. म्हणजे पौषातली आईंची तिथी यंदाही या भाड्याच्या घरातच. तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवता, म्हणून लिहिते आहे.

तुमचे बाबा ते ऐकून उठले. गॅलरीत जाऊन बसले. इथे मटण-मासळी शिजवायची नाही, ही घरमालकीणबाईंची अट तुम्हाला ठाऊक आहे. आई याच घरात गेल्या. गेल्या वर्षी त्यांच्या नावाने वरणभाताचं पान ठेवलं. रविवारी मटणाची सागोती नसली तर अर्ध्या जेवणावरून उठणारी बाई! तेव्हापासून बाबांनीही मटण सोडलंय. तिला तिच्या घरात शिजलेलं मिळू दे, मग मी खाईन, म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. मार्च त्यांना फार लांब वाटतो. मलाही.

तिकडच्या सगळ्यांना नमस्कार. आठवण ठेवता तशीच ठेवा.

तुमची ऋता

कुडाळ, २ डिसेंबर

चि. सौ. ऋताला आशीर्वाद.

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बाबांना गाडीत बसव आणि इकडे घेऊन ये. पान इथे ठेवू. सागोती मी करीन, तुझ्यासारखा टोमॅटो घालणार नाही. माझ्या नितेशबरोबर मसाला पाठवला आहे. आई खोबरं मंद आचेवर चांगलं काळपट होईपर्यंत भाजायची, घाई करायची नाही. मी सासरहून यायचे तेव्हा तो वास मला जिन्यातच भेटायचा. इथे मी सगळं तसंच करते. चव येते, तो जिना काही येत नाही.

राजेशला म्हणावं, बहिणीला चार ओळी लिहिल्यास तर बोटं झिजणार नाहीत. तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो तसाच राहील.

तुझी वनमालाताई

मुलुंड, २१ डिसेंबर

ती. ताईंना सा. न.

बाबा कुडाळला यायला तयार नाहीत. आईंचं सगळं आयुष्य घाटकोपरला गेलं, त्या तिकडे कशाला येतील, असं त्यांचं म्हणणं.

मग मी एक उद्योग केला. मालकीणबाई लेकीकडे गेल्या होत्या. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, धूप पेटवला. मटणाच्या एकामागून एक शिट्या इमारतीत कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून कुकर न लावता पातेल्यात मटण शिजवलं, तुमच्याच मसाल्यात. टोमॅटोशिवाय. तिथीच्या आधी निदान बाबांनी तरी दोन घास खावेत, तिथीला असंच आईंनाही करता येईल, एवढंच मनात होतं. बाबा वासावर उठून आले. पातेल्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता पाट मागतील. ते म्हणाले, "चोरून शिजवलेलं तिला वाढू नकोस गं."

सगळं डब्यात भरून यांच्या मित्राकडे पाठवलं. आई गेल्या तेव्हा शेजारून पहिला चहा मालकीणबाईंनीच आणला होता. त्यामुळे आता जिन्यात दिसल्या की माझीच नजर खाली जाते.

रागावू नका, आणि रागावलात तर लवकर विसरा.

तुमची ऋता

कुडाळ, २७ डिसेंबर

चि. सौ. ऋताला आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र वाचून मी चुलीपुढे बसून रडले आणि मग एक सुचलं. नव्या घराच्या भिंती तर उभ्या आहेत ना? राजेशला त्या इंजिनिअरकडे पाठव. एक दिवस द्या म्हणावं. नळ नको, गॅस नको. शेगडी आणि कोळसे मी आणते, पाटा-वरवंटासुद्धा. बाबांक सांग, तुमचा चेडू येता, तुमची लेक.

माया आहेच. बाकीचं तिथे आल्यावर.

तुझी वनमालाताई

मुलुंड, ३ जानेवारी २०२६

ती. ताईंना सा. न.

इंजिनिअर हो म्हणाला. ११ तारखेचा रविवार मिळाला, तिथीही त्याच दिवशी आहे. सामानाची लिफ्ट चालू आहे, बाबांना तिच्यातूनच वर न्यायचं.

बाबांना आता वेगळीच काळजी. दुसऱ्या मजल्यावरचं घर सातव्यावर गेलं, जुना जिनाही राहिला नाही, तिला कसं सापडणार? खिडक्यांना अजून काचा बसलेल्या नाहीत, वास खालपर्यंत जाईल, असं हे म्हणाले. मग बाबा मला हाक मारून म्हणाले, मटण हाडाचं आण, आणि एक पान माझंही मांड.

तुमची वाट बघतोय, ती फार बघायला लावू नका. रविवारी वाटण पातेल्यात पडलं की वर झाकण ठेवायचं नाही, असं ठरलं आहे.

तुमची ऋता