स्टीलच्या गॅस्केटला चांदी

उस्ताद, आज पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळचे साडेनऊ. नांदेडला लातूर फाट्याजवळच्या शेडमध्ये बसून हे लिहितोय. आत्ताच एका जीपचं रेडिएटर उघडून पाहिलं आणि हात दोनदा साबणानं धुतले. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "क्या बे, अब इंजन को चिठ्ठी लिखेगा क्या?" नववीत माझी शाळा सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही. सुट्या भागांच्या खोक्यावरचं शुद्धलेखन तपासणारा कामगार तुम्हाला आधी कधी भेटला नव्हता. भजी आली की तुम्ही आधी पुडीचा कागद माझ्याकडे सरकवायचात, "ले, तू पहले पढ ले, फिर हम खाते."

विषय हेड गॅस्केटचा आहे, इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या त्या पातळ पट्टीचा. जीप फिजिक्सच्या एका सरांची. तुम्ही गेल्यावर इकडं क्लासेसचं पीक इतकं आलंय की आपल्या शेडमधल्या निम्म्या गाड्या क्लासवाल्यांच्या असतात. हे सर सकाळी नांदेडला शिकवतात, दुपारी लातूरला. त्यांनी पुण्याहून मोठा टर्बो बसवून आणला, इंजिनात जवळजवळ दुप्पट हवा कोंबली, आणि दोनदा हेड गॅस्केट उडवून घेतली. दुसऱ्यांदा अहमदपूरच्या अलीकडे. तिथून जीप दोरानं ओढत आणली. सर हसत होते, पण बोलले स्पष्ट, "तिसऱ्यांदा उडाली तर गाडी हैदराबादला नेतो, आणि बाकीचे सरही माझ्याच मागं येतील." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मला सारखा भूकंपाचा आठवडा आठवत होता. किल्लारीकडं पाणी नेणारा टँकर लातूरला आपल्या तेव्हाच्या शेडच्या दारात येऊन बंद पडला आहे, बाजार बंद, नवी गॅस्केट मिळणं शक्य नाही. तुम्ही जुनी तांब्याची गॅस्केट चिमट्यात धरून भट्टीवर लालबुंद करता, पाण्याच्या बादलीत सोडता, आणि माझ्या हातात देऊन म्हणता, "देख, मख्खन हो गई." कडक झालेलं तांबं तापवल्यावर पुन्हा मऊ होतं आणि फटीत नीट बसतं, हे मी तेव्हा शिकलो. मग बारीक फटही राहू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चांदीचा, म्हणजे त्या चंदेरी रंगाचा, पातळ हात. त्याच्याशिवाय तुम्ही कधी इंजिन बंद केलं नाही. टँकर त्याच दुपारी गेला, आणि ड्रायव्हरनं जाताना तुमचे पाय धरले तर तुम्ही त्यालाच शिव्या घातल्यात.

म्हणून मी आधी तांब्याचाच विचार केला. पण इतक्या दाबाला नुसतं तांबं पुरत नाही. ब्लॉकमध्ये खाच पाडून तारेचं कडं बसवावं लागतं, आणि तरी पाणी झिरपायची धास्ती राहते. कंपनीची साधी गॅस्केट तर दोनदा उडालीच होती. उरली स्टीलच्या पातळ पत्र्यांची, थरावर थर असलेली. तिच्यातही तीन जाड्या. सगळे म्हणाले जाड घे, दाब उतरेल. मी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते चारी ठिकाणी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मापाला बसली ती मधली मागवली. हेड आणि ब्लॉक आरशासारखे घासून आणले, कारण स्टील खरखरीत जागा माफ करत नाही. बोल्टही नवे, जास्त ताकदीचे.

गॅस्केट आली. मी चहाला गेलो. परत येतो तर दादा, तुमचा थोरला चेला, देगलूरचा, हातात ब्रश घेऊन उभा. गॅस्केट चांदीनं चमकत होती.

"दादा, हे काय केलं?"

"तू इसरला व्हतास. म्या लावली. उस्तादच्या शेडात इना चांदीचं इंजन बंद झालंय का कधी?"

"या गॅस्केटला तिचा स्वतःचा लेप असतो. वर रंग चढला की गळती. थिनरनं पुसली तर लेपही जाईल."

"म्हंजे उस्ताद येडा व्हता?"

जीप सोमवारी द्यायची होती. दादानं मला पाना धरायला शिकवलं आहे. मी इंजिनदुरुस्तीचं पुस्तक काढलं आणि संध्याकाळपर्यंत अख्खं उलथंपालथं केलं. खरं सांगतो, तुमचं बरोबर निघावं म्हणूनच शोधत होतो. एक ओळ तरी सापडेल, पातळ हात चालेल अशी. नाही सापडली. मग दादाला म्हणालो, "ही मी बसवणार नाही." दादा जेवणाचा डबा घेऊन शेडच्या मागं गेला आणि दोन दिवस माझ्याशी फक्त पान्यांच्या नंबरात बोलला. "चौदा." "सतरा." बस्स.

सरांना फोन करून सांगितलं, स्टीलच्या गॅस्केटला रंग चालत नाही, दुसरी मागवतोय, उशीर होईल. ते म्हणाले, "मग काय, यष्टीनं जातो. पोरांना दाब शिकवायला गर्दीतलं उदाहरणही मिळेल." दुसरी गॅस्केट आली तेव्हा खोकं दादानंच उघडलं, अंगठा न लागू देता गॅस्केट कडेला धरून काढली, आणि चहावाल्या पोराला ओरडला, "लांब ऱ्हा, हात लावू नको तिला!"

परवा आम्ही तिघं लातूरला जाऊन आलो. चढावर सरांनी पाय दाबला, दाबाचा काटा पार वर गेला, माझे डोळे मिटलेले. काही उडालं नाही. आज सकाळी रेडिएटरमध्ये एक बुडबुडा नाही, तेल स्वच्छ, म्हणजे गॅस्केट टिकली. सर खुशीत म्हणाले, "सगळे मेकॅनिक रंग फासतात. स्टीलला रंग लावू नये हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला, "कोन म्हंजे? आमचे उस्ताद. लई कडक व्हते सर. स्टीलला रंग लावला की कानाखाली आवाज."

सरांनी मान डोलावली. दादानं माझ्याकडं पाहिलंही नाही. आणि उस्ताद, मीही म्हणालो, "हाव सर, त्यांचीच शिकवण."