चासी बदललेली गाडी आणि माझी बाकीची मिळकत

लिहून ठेवणार मी स्वतः. माझे नाव व पत्ता सोबत जोडलेल्या ओळखपत्रावर आहे, तोच खरा धरावा. बाजारात आणि मिठागरावर मला 'मीठवाली' म्हणतात, तेही खरेच. वय वर्षे एकाहत्तर. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन मला तपासले, तारीख-वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी न अडखळता दोनपर्यंत उतरले. तेव्हा माझे डोके ठिकाणावर होते की नाही, याची चर्चा माझ्या पश्चात कोणी करू नये. हे मी कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण बसायला वेळ मिळाला नाही.

१. राहते घर, पुढच्या अंगणासह व अंगणातल्या पत्र्याच्या शेडसह, माझ्या एकुलत्या एका मुलाला. शेड मात्र गाडी आहे तोवर गाडीचीच राहील. तिथे खोली काढायची नाही. मुलगा स्वभावाने चांगला आहे, टपाल कचेरीत इमानाने नोकरी करतो. सातवीत असताना शाळेच्या अर्जावर त्याने 'आईचा व्यवसाय' या ओळीत 'घरकाम' असे लिहिले होते. मी तेव्हा दिवसाला दोन खेपा मीठ वाहत होते. मी काही बोलले नाही. आज बोलते आहे, आणि इथेच ते संपवते.

२. पिकअप गाडी माझ्या सुनेला. पूर्णपणे, एकटीला, त्यात दुसऱ्या कोणाचाही वाटा न ठेवता. कारण लिहिण्याची गरज नाही असे वकीलसाहेब म्हणाले. त्यांना नसेल, मला आहे.

माझे यजमान मिठाच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले, तेव्हा गाडी तीन वर्षांची होती आणि मुलगा आठ वर्षांचा. महिन्याभरात मी स्टिअरिंग धरले. शिकवले यजमानांनीच, खाटेवर पडून. जमिनीवर तीन ताटल्या मांडायला लावल्या: क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. ताटली चुकली की ओरडायचे, "मारलंस ना मला!" आठवडाभर मी ताटल्या दाबल्या आणि मग खऱ्या गाडीत बसले.

थोरल्या नणंदबाई शिवणकाम करतात. त्या दारात येऊन म्हणाल्या, "घराण्याची अब्रू आता रस्त्यावर फिरवणार तू." आणि गेल्या. त्यानंतर अकरा वर्षे त्यांचा पाय आमच्या उंबऱ्याला लागला नाही. बाजारात समोरून आल्या तर भाज्यांकडे बघायच्या. मीही बघायचे.

मीठ लोखंड खाते हे मला ठाऊक होते. किती खाल्ले, ते खाली वाकून बघायला सवड नव्हती. मी गाडी चालवू लागल्याच्या बाराव्या वर्षी मिठागराच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी उभी असताना खाडकन आवाज झाला आणि केबिन व मागचा मालाचा हौदा यांच्या मधोमध गाडी खचली. चासी, म्हणजे गाडीचा कणा, ज्याच्यावर इंजिन, केबिन, हौदा सगळे उभे असते, ती डाव्या बाजूला मोडली होती. मी हात लावला तर गंजाचे पापुद्रे ओंजळभर निघाले. मिस्त्री आला, खाली डोकावला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, चासी गेली म्हणजे गाडी गेली."

दुसऱ्या दिवशी माझे दीर मला न विचारता भंगारवाल्याला घेऊन अंगणात हजर. "वहिनी, झालं ते बरंच झालं. आता घरी बसा. आम्ही आहोत ना." दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या नातलगांत पोचली होती, कारण ती पोचवायचे काम त्यांनीच केले होते.

संध्याकाळी नणंदबाई आल्या. शिवणयंत्रावरून तशाच उठून आल्या होत्या, टेप गळ्यातच होता. उंबरा ओलांडला, भावाच्या खाटेशी क्षणभर थांबल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"धाकटा तुला घरी बसवणार म्हणे?"

मी म्हणाले, "असं म्हणतात खरं."

"मला अकरा वर्षांत जमलं नाही, त्याला काय जमतंय! चासी दुसरी मिळत नाही का?"

"भंगारात मिळते. पण सरळ आहे की पिळलेली, ते डोळ्यांना कळत नाही, वन्सं."

"डोळ्यांना कशाला? माप आहे ना."

आमच्या बनावटीच्या दोन चासी भंगाराच्या अड्ड्यावर होत्या, दोन्ही अपघातातल्या गाड्यांच्या. नणंदबाईंचा टेप पाच फुटी, तो पुरेना. त्यांनी लोखंडी तार मागितली, कारण दोरा ताणतो, तार ताणत नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तार धरली, खूण केली, मग उलट्या कोपऱ्यांत धरली: दोन्ही मापे जुळली तर चासी सरळ. पहिली चासी बोटभर तिरकी निघाली. भंगारवाला हसून म्हणाला, "बाई, पोलकं बेतताय का?"

"पोलकं तिरकं झालं तर उसवता येतं," नणंदबाई म्हणाल्या. "ही तिरकी निघाली तर माझी वहिनी खड्ड्यात जाईल."

दुसरीची मापे जुळली, ती आम्ही घेतली. 'माझी वहिनी' हे शब्द मी अकरा वर्षांनी ऐकले होते.

काम त्रेचाळीस दिवस चालले. शेडच्या तुळईला साखळीची कप्पी टांगली. हौदा काढला, मग केबिन उचलून ओंडक्यांवर ठेवली. केबिनचे आठ बोल्ट आठ दिवस डिझेल पिऊनही हलले नाहीत, तेव्हा गॅसने तापवून तोडले. ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी, वायरिंग, स्प्रिंगचे पाटे, एकेक वस्तू सोडवली. नणंदबाईंनी प्रत्येक तुकड्याला चिंधी शिवून तिच्यावर नंबर घातला. काय कुठून निघाले ते त्यांच्या वहीत, आणि कसे बसायचे ते यजमानांच्या डोक्यात. खाट खिडकीशी ओढली होती. तिथून ते मोठ्याने सांगायचे आणि आम्ही करायचो. मिस्त्रीला फक्त इंजिन उचलायच्या दिवशी बोलावले. तो चहा पिऊन गेला तो दुसऱ्या दिवशी न बोलावता आला आणि गुपचूप नट आवळू लागला.

नवी चासी घासून, दोनदा रंगवून, आतून तेल मारून तयार केली. तिच्यावर सगळे चढवले आणि मी किल्ली फिरवली. दुसऱ्या दमात इंजिन लागले. नणंदबाई पदरात तोंड लपवून रडू लागल्या. मी खिडकीकडे बघितले. यजमान कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "दुसऱ्या गिअरला मघाशी आवाज आला. तेवढं बघा." एवढी मोठी शाबासकी त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नव्हती. पुढे दोन वर्षांनी ते गेले. आवाज तोवर काढला होता.

वाहन कचेरीतला कारकून म्हणाला, "चासीचा नंबर बदलला म्हणजे गाडी बदलली." चार हेलपाटे घातले. शेवटी निरीक्षकसाहेब खुद्द अंगणात आले, हातोडी आणि विजेरी घेऊन गाडीखाली शिरले. टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेले. बाहेर येऊन विचारले, "कोणतं गॅरेज?"

"हेच," मी म्हणाले.

"मिस्त्री?"

"मी. माप ह्या वन्संचं."

त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'काम कारखान्यातल्यासारखे, हरकत नाही.' तो कागद गाडीच्या कागदपत्रांत आहे. विमा एक वेळ हरवला तरी चालेल, तो हरवता कामा नये.

त्या चासीवर मी आणखी वीस वर्षे मीठ वाहिले. आता पाच वर्षे सून चालवते. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने घरातल्या कपाटांबद्दल विचारले नाही. विचारले ते, "आई, गाडी डावीकडे ओढते का हो थोडी?" ओढत होती. मुलाच्या इतक्या वर्षांत हे कधी लक्षात आले नव्हते. म्हणून गाडी तिला.

३. हत्यारे, कप्पी, जॅक व चारही ओंडके गाडीबरोबर सुनेला. अट एकच: शेवटची खेप झाली की चासी खालून गोड्या पाण्याने धुवायची. रोज. कंटाळा आला तरी धुवायची, कारण मिठाला कंटाळा नसतो.

४. बचत खात्यात जे असेल ते मुलगा व सून यांना निम्मे निम्मे.

५. माझे दीर यांना जुन्या चासीचा हातभर तुकडा, शेडच्या मागे ठेवलेला. त्यांनी त्या दिवशी भंगार मागितले होते, ते त्यांना मिळावे. राग उरलेला नाही, पण हिशेबात चूक नको. त्यांना तो उचलवत नसेल तर सुनेने पोचवावा.

६. मी जाईन त्या दिवशी मला त्या गाडीतून नेऊ नये. गाडीला त्या दिवशी भाडे असेल तर भाडे करावे. मागे कोणी नावे ठेवली तर ठेवू द्यावी. त्याने आमचे काही अडत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे.

साक्षीबाबत खुलासा: पहिल्या मसुद्यात मी नणंदबाईंच्या नावे माझी सोन्याची साखळी व शिवणयंत्रासाठी नवी मोटार लिहिली होती. काल वकीलसाहेबांनी मसुदा वाचून दाखवला आणि सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. नणंदबाई आता एक्याऐंशीच्या आहेत, कमी ऐकू येते. त्यांनी वकीलसाहेबांना ते पुन्हा सांगायला लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं नाव खोड."

मी म्हणाले, "वन्सं, साखळी तुमच्यासाठीच ठेवली होती."

"साखळी सुनेला दे. तू पहिल्यांदा गाडीत बसलीस तेव्हा मी पाठ फिरवली होती. ह्या वेळी मी बघितलं, असं कागदावर राहू दे."

म्हणून ते कलम काढून टाकले आहे. साखळी सुनेला.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून घेतला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३

सही: मीठवाली (ओळखपत्राप्रमाणे सही शेजारी)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: थोरली नणंद, व्यवसाय शिवणकाम. मी समोर बसून बघितले.